बुडं आकाराप्रमाणे, झाकणं रंगाप्रमाणे

बायको गेल्यानंतर पाचव्या महिन्यात मी घरोघरच्या पार्ट्यांत जाऊन बायकांना प्लास्टिकचे डबे विकायला लागलो. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. पहिल्यांदा ते विनोदी वाटलं, दुसऱ्यांदा केविलवाणं आणि तिसऱ्यांदा खोटं. आता तसंच ठेवतो, कारण ते खरं आहे आणि मला त्याहून बरं जमत नाही.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर आम्ही पुण्याबाहेर, मुळशी तालुक्यातल्या भुकूमला राहायला आलो. माझ्या मनात शांतता होती, म्हणजे खुर्ची, खिडकी आणि न वाचलेली पुस्तकं. तिच्या मनात माणसं होती. वर्षभरात तिनं भुकूमपासून घोटावड्यापर्यंत अशी काही ओळख वाढवली, की भाजी आणायला गेलं तरी भाजीवाली मला विचारायची, "ताई न्हाई आल्या?" आणि मी एकटा आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा उतरायचा.

तिचा धंदा साधा होता. एखादी बाई आपल्या घरी शेजारणींना बोलावते, चहा करते. मग डबेवाली ताई मधोमध बसून डबे दाखवते. पीठ कशात ठेवायचं, ताक कशात न्यायचं, झाकण कसं लावायचं. झाकण मधोमध दाबून एक कड किंचित उचलायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. ती त्याला 'डब्याचा ढेकर' म्हणायची. ढेकर आला की बायका हसायच्या, आणि उठता उठता एखादी म्हणायची, पुढच्या वेळी माझ्याकडे. हे झालं बुकिंग. एखादी म्हणायची, मलाही शिकवा विकायला. ती झाली नवी सभासद, आणि ती कंपनीनं बायकोला दिलेल्या नंबराखाली यायची. अशा नऊ जणी तिच्या नंबराखाली होत्या. या सगळ्यात माझं योगदान एवढंच, की तिच्या चिठ्ठ्यांमधलं शुद्धलेखन मी न विचारता सुधारत असे.

ती श्रावणात गेली. तिचा फोन मी बंद केला नाही. रोज चार्जिंगला लावायचो, का ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या नऊ जणींपैकी कुणी पार्टी केली, की कंपनीचा संदेश त्या फोनवर यायचा. 'अभिनंदन', पुढे तिचं नाव, त्यापुढे 'ताई', आणि 'आज आपल्या टीमने छान काम केले.' संदेश यंत्रच पाठवतं हे मला कळत होतं. पण महिन्यातून चार-पाच वेळा कुणीतरी तिला नावानं हाक मारत होतं, आणि ती हाक मला ऐकू येत होती.

डिसेंबरात वरच्या मॅडमचा फोन आला. वरच्या मॅडम म्हणजे आमच्या भागाच्या प्रमुख, कोथरूडला राहणाऱ्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्या फार सांभाळून बोलल्या. म्हणाल्या, "सर, नंबर आम्ही इतके दिवस तसाच ठेवलाय. पण लीडरनं स्वतः काही केलं नाही तर सिस्टीम बंद करते. नॉमिनी म्हणून तुम्ही चालवू शकता, नाव त्यांचंच राहील. जानेवारी अखेरपर्यंत सहा पार्ट्या आणि एक नवीन सभासद. नाहीतर टीम दुसऱ्या ताईंकडे देऊ. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका."

म्हणजे नंबर बंद, संदेश बंद. मी म्हणालो, "मी करतो."

मग त्या म्हणाल्या, "सर, डबे?"

कोणतंही काम हातात घेतलं की मी आधी त्यावरचं पुस्तक शोधतो. तिच्या कपाटात कंपनीची एक पुस्तिका सापडली, बुकिंग आणि सभासद कसे वाढवावेत यावरची. तिचं एकही पान दुमडलेलं नव्हतं, यावरून तिनं ती उघडलीच नसावी. मी ती दोनदा वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या. पहिलीच सूचना होती, ओळखीच्या शंभर जणांची यादी करा. माझी यादी अकरावर थांबली. नंतर पाहिलं, तर त्यातले चार जण दिवंगत लेखक होते.

दुसरी सूचना होती, समोरच्याला नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारू नका. 'पार्टी ठेवाल का' असं न विचारता 'मंगळवार की गुरुवार' असं विचारा. मी हे आमच्या इमारतीतल्या एका बाईंवर करून पाहिलं. जिन्यात गाठून म्हणालो, "मंगळवार की गुरुवार?"

त्या घाबरल्या. म्हणाल्या, "कशाचं, सर? वर्षश्राद्धाचं?"

तिसरी सूचना होती, पार्टीत जी सर्वांत जास्त बोलते तिला सभासद करा. त्याची हकिकत इतकीच, की आमच्या पहिल्या पार्टीत सर्वांत जास्त बोलल्या त्या यजमानीणबाईंच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, आणि त्या सगळं बोलल्या ते त्यांच्या गुडघ्यांविषयी.

सामानाचीही मी व्यवस्था लावली. तेरा दिवस झाल्यावर साताऱ्याला परत जाताना माझी बहीण स्वयंपाकघर आवरून गेली होती. घरात होते-नव्हते ते सगळे डबे तिनं धुऊन, पुसून बायकोच्या विक्रीच्या सामानाशेजारी रचून ठेवले होते. तो ढीग पाहून माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. मी एक वही घेतली, प्रत्येक डब्याला दाखलक्रमांक दिला, आकार, रंग आणि स्थिती लिहिली. मग फडताळात मांडणी केली. बुडं आकाराप्रमाणे एकात एक घालून, झाकणं रंगाप्रमाणे उभी. फार देखणं दिसत होतं. काही डब्यांच्या तळाला नेलपॉलिशचे ठिपके होते, लाल, गुलाबी, एक-दोन-तीन. कारखान्याची खूण असावी असं समजून मी तेही वहीत नोंदवले.

आमच्या इमारतीत दोन पार्ट्या झाल्या. बायकांनी डबे घेतले, पण ते मला चहा पाजावा तसे घेतले. मी बोलत असताना एक बाई सारखी डोळे पुसत होती, त्यामुळे ताकाच्या डब्याविषयी मला मोकळेपणानं बोलता येईना. पुढचं बुकिंग कुणी दिलं नाही. तिसरी पार्टी भरेला एका सभासदाच्या घरी झाली. तिथे तर मी पिशवीतून डबे काढले आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक दुसरीला कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, माझ्या बोलण्याचं हसू येत असेल. पुस्तिकेत म्हटलं होतं, हसरं वातावरण चांगलं. मी चेव येऊन आणखी दहा मिनिटं बोललो. शेवटी विचारलं, "मंगळवार की गुरुवार?"

"गुरवारी लाईट नसती, सर," एक म्हणाली.

"मग मंगळवार?"

"मंगळवारी माजा उपास असतोय."

"पार्टीत खायचं काही नसतं," मी म्हणालो.

"मग काय उपेग?" ती म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

संक्रांत झाली. 'तिळगूळ घ्या' म्हणायला वरच्या मॅडमचा फोन आला. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "किती झाल्या, सर?" मी म्हणालो, तीन. सभासदाचं त्यांनी विचारलं नाही. खरं तर हेच दिवस विक्रीचे. हळदीकुंकवाला वाण म्हणून बायका छोटे डबे डझनानं नेतात, बायकोला या महिन्यात जेवायला फुरसत नसे. पण हळदीकुंकवात मी कुठे बसणार? दाराबाहेर चपलांशेजारी उभं राहून डबे विकण्याची एक कल्पना माझ्या मनात येऊन गेली. ती मी अमलात आणली नाही, एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या महिन्यात मी केली.

चौथी पार्टी घोटावड्याची. तिथली सभासद बायकोच्या टीममधली सर्वांत जुनी, घरची शेती, आता शेताच्या कडेला कारखान्यातल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या. तिनं मला बोलावलं, पण आवाजात उत्साह नव्हता. तरी तिच्या ओसरीवर पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या. सगळ्या बायकोला ओळखणाऱ्या. मी ठरवलं होतं, आज बोलायचं कमी आणि करून दाखवायचं जास्त. फडताळातलं सर्वांत चकचकीत बूड आणि त्याला साजेसं झाकण निवडून नेलं होतं.

"आता मी यात पाणी घालून डबा उलटा करतो," मी म्हणालो.

"उलटा कशाला?" भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं.

"गळत नाही हे दाखवायला."

"मग गळत न्हाई म्हणा की. आमी काय खोटं म्हणतोय व्हय?"

मी झाकण मधोमध दाबलं, कड उचलली. ढेकर आला नाही. तरी मी डबा उलटा केला. झाकण सुटलं, बूड हातातून निसटलं, आणि तांब्याभर पाणी सतरंजीवर, माझ्या विजारीवर आणि पुढे बसलेल्या बाईच्या मांडीवर गेलं. ती बाई ओरडली नाही. पदरानं मांडी पुसता पुसता तिनं घरंगळत आलेलं बूड उचललं, उलटं करून तळ पाहिला आणि म्हणाली, "ह्यो माजा डबा हाय."

शेजारच्या दोघीतिघी तळ बघायला वाकल्या.

"दोन गुलाबी ठिपकं," ती म्हणाली. "माज्या सुनंच्या नेलपॉलिशनं मीच लावल्यात. जावंच्यात मिसळू नये म्हणून. पिठलं धाडलं व्हतं मी ह्यातनं, नवव्या दिवशी."

"आन् झाकण माजं हाय," मागून दुसरी म्हणाली. "हितं कडंला तव्याचा चटका बसलाय बग. मी म्हणतच व्हते कुटंतरी बगितलंय."

"तुज्या झाकणाला माजं बूड कशाला?"

"ते सरांना इचार."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओल्या विजारीनं उभा होतो. काय झालं ते माझ्या हळूहळू लक्षात येत होतं, मला सगळंच हळूहळू लक्षात येतं. ते तेरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नव्हती. या गावांतून, कुणाकुणाच्या मोटारसायकलवरून, सकाळ-संध्याकाळ डबे येत होते. भाकरी, पिठलं, मुगाची खिचडी, शेंगदाण्याची चटणी. मी खाल्लं होतं की नाही तेही आठवत नाही. पण डबे घरातच राहिले होते. आणि मी त्यांना दाखलक्रमांक दिले होते.

"हे सगळे तुमचे आहेत?" मी विचारलं.

"मग कुणाचे?" भिंतीजवळची म्हातारी म्हणाली. "आमचंच डबं आमाला इकाया आणलं व्हय?"

तेव्हा त्या हसल्या. यजमानीण आत पळाली, तिचं हसणं स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. मी चाळीस वर्षं ग्रंथालयाच्या खिडकीत बसून उशिरा पुस्तक आणणाऱ्या पोरांकडे चष्म्यावरून बघत आलो. तसं बघण्याची त्या क्षणी त्या सोळा जणींना मुभा होती. त्यांनी ती वापरली नाही.

"मग मागितले का नाहीत?" मी म्हणालो. "एक फोन करायचा."

हसू थांबलं. गुलाबी ठिपक्यांची बाई म्हणाली, "दुखवट्याच्या घरातनं डबा मागत न्हाईत, सर. ज्याचा त्यानं आणून द्यायचा असतोय."

"आन् डबं माघारी आलं न्हाई म्हंजी घर अजून दुखात हाय," म्हातारी म्हणाली. "दुखातल्या माणसाला घरी बोलवून म्या इचारणार व्हय, बाबा, पिठाचा डबा केवढ्याला? लाज वाटंल मला."

म्हणून बुकिंग नव्हतं. पुस्तिकेच्या अठ्ठेचाळीस पानांत हे कुठेही नव्हतं.

घरी येऊन मी वही काढली. विक्रीचे नवे डबे वगळले, तर एकतीस बुडं, एकतीस झाकणं. कुठलं झाकण कुठल्या बुडाचं हे शोधायला दोन दिवस बसलो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण जुन्या डब्याचं झाकण त्याच डब्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, दुसऱ्याला लावलं तर बसल्यासारखं वाटतं आणि बसत नाही. दहा-बारा जोड्या जुळल्या. रंगाप्रमाणे लावण्याआधी त्या सगळ्याच जुळलेल्या होत्या, हा विचार मी फार वेळ करू दिला नाही स्वतःला. शेवटी साताऱ्याला बहिणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, रिकामे नको हं देऊस."

"मला काही करता येत नाही."

"मग चमचाभर साखर घाल. पण रिकामा नको."

मी प्रत्येक डब्यात एक चमचा साखर कागदाच्या पुडीत बांधून घातली. सपाट चमचा, मोजून. दोन पिशव्यांत बुडं आणि एका पोत्यात न जुळलेली झाकणं घेऊन स्कूटरवरून निघालो. भुकूम, भरे, घोटावडे. पत्ते बायकोच्या डायरीत होते. दारात उभा राहून म्हणायचो, "डबा आणलाय." एवढंच. पुस्तिकेतलं एकही वाक्य नाही. बाई बाहेर यायची, पोतं अंगणात ओतून घ्यायची, खाली बसून झाकणं लावून बघायची. शेजारीण यायची. मग तिची शेजारीण. "हे न्हाई गं, हे मोटं हाय." "ते माज्या नणंदंचं दिसतंय, तिच्याकडं ठेव, मी देते." अर्ध्या तासात ज्या जोड्या जुळायच्या, त्या मला महिनाभरात जुळल्या नसत्या.

भरेच्या एका बाईनं डबा उघडून आत पाहिलं. कोपऱ्यात माझी ती चमचाभर साखरेची पुडी.

"ही मुंग्यांना धाडलीय व्हय, सर?"

"रिकामा द्यायचा नाही म्हणून."

"बरं केलं," ती म्हणाली. आत जाऊन तिनं साखर ओतून घेतली, आणि त्याच डब्यात घरचा इंद्रायणी तांदूळ भरून बाहेर आली. "घ्या."

"अहो, डबा परत करायला आलोय मी."

"मग पुन्यांदा करा. आन् येताना नवीन काय आलंय ते घेऊन या. शनवारी या, सगळ्या असत्यात."

ते बुकिंग होतं. मला ते घरी आल्यावर कळलं. अशा दोन पार्ट्या त्या आठवड्यात झाल्या, सहा पूर्ण झाल्या. त्यांत मी फारसा बोललो नाही. बायका एकमेकींना बायकोच्या गोष्टी सांगत राहिल्या, ती कशी स्वतःच्याच साडीवर ताकाचा डबा उलटा धरायची, आणि मध्येच कुणी तरी म्हणायची, सर, तो लाल दाखवा.

सभासद मात्र मिळेना. ज्यांना विकायचं होतं त्या बायकोच्या वेळीच झाल्या होत्या. आणि एक डबा उरला होता. हिरवा, गोल, मध्यम. बुडाला ठिपका नाही. झाकण त्याच हिरव्या रंगाचं, पण एका कडेला तडा गेलेलं. तो मी तिन्ही गावांत फिरवला. सगळ्या जणी हातात घेऊन बघायच्या आणि परत द्यायच्या. "आमचा न्हाई." मला त्या डब्याची काळजी वाटायला लागली. उशीर झालेलं शेवटचं पुस्तक जसं.

तीस तारखेला मी बायकोची डायरी पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ होती. 'पिरंगुट, भाभी, झाकण.' ती मी आधीही वाचली होती. कुणाला तरी झाकण विकायचं असेल असं समजून सोडून दिली होती.

भाभी म्हणजे बायकोची मैत्रीण, पिरंगुटच्या बाजारात त्यांच्या घरचं कापडाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. त्यांनीही त्या दिवसांत भात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं होतं, पण स्टीलच्या डब्यात, आणि त्यांचे यजमान तिथेच थांबून डबा रिकामा करून घेऊन गेले होते. त्यामुळे माझ्या वहीत त्यांची नोंद नव्हती.

"या, सर," भाभी म्हणाल्या. "बसा. ताई गेल्यावर पयल्यांदाच आलात."

मी हिरवा डबा पुढे ठेवला. त्यांनी हातात घेतला, तड्यावरून बोट फिरवलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तसाच एक हिरवा डबा होता, शेवयांनी भरलेला, वर धड झाकण. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "हे तुटलेलं झाकण माझं. गॅसजवळ ठेवलं आणि तडकलं. ताई म्हणाल्या, बदलून मिळतं, मी आणून देते. तोवर आपल्या घरच्या डब्याचं काढून मला दिलं. हे चांगलं झाकण त्यांचं हाय. आणि ते बूड तुमच्याच घरचं."

म्हणजे सबंध मुळशीत मालक शोधत मी फिरवला, तो डबा आमचा होता. रोज सकाळी चहाची साखर मी त्यातूनच घेत आलो असणार. मला तो ओळखता आला नव्हता.

"अजून बदलून मिळतं का?" भाभींनी विचारलं. "न्हाईतर हे घेऊन जा. त्यांचं ते त्यांच्या घरी असू द्या."

"मिळतं. पण नंबर चालू असला तर. उद्या बंद होतोय."

"का म्हणून?"

मी त्यांना सांगितलं. पुस्तिकेतल्यासारखं नाही, जसं होतं तसं. फोनवर येणाऱ्या संदेशांचंही सांगितलं, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, बहिणीलाही नाही. एक सभासद कमी पडतोय, म्हणालो.

भाभी म्हणाल्या, "मग इतक्या दिवसांत मला का न्हाई विचारलं?"

"ओळखीच्यांची यादी करायची होती. त्यात तुमचं नाव सुचलं नाही."

"आणि कुणाची सुचली?"

मी सांगितलं. चार लेखकांसकट. भाभींनी तोंडाला ओढणी लावली. दुकानातून त्यांच्या यजमानांनी आवाज दिला, "काय झालं गं?"

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "सरांच्या वळखीतली चार माणसं आधीच वारलेली हायेत."

हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "ताईंनी मला दोनदा विचारलं व्हतं. मी म्हटलं, चार माणसांत मला बोलता येत न्हाई."

"मलाही येत नाही."

"ते कळलंय आमाला. घोटावड्याचं पाणी हितपर्यंत आलंय." मग म्हणाल्या, "एक करू. बोलायचं मी बघते. पिशव्या तुमी उचला. झाकणं तेवढी मला लावू द्या."

फॉर्म माझ्या पिशवीत होता, तीन आठवडे होता, एका पुस्तकात खूण म्हणून घातलेला. भाभींनी माहिती सांगितली, मी लिहीत गेलो. शेवटचा रकाना होता, 'आपणास या कामाची ओळख कोणी करून दिली?' मी तिथे माझं नाव लिहायला पेन टेकवलं.

"तुमी कुठं करून दिली?" भाभी म्हणाल्या. "ताईंचं लिवा."

मी तिचं नाव लिहिलं. पूर्ण, माझ्या नावासकट, जसं रकान्यात लिहायचं असतं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. 'अभिनंदन', पुढे तिचं नाव, 'ताई, आपल्या परिवारात एका नवीन सदस्याचे स्वागत आहे.' 'सदस्याचे' नीट लिहिलेलं होतं, सुधारायला काही नव्हतं. मी फोन चार्जिंगला लावला आणि खिडकीत बसलो. पुस्तक उघडलं नाही.

झाकण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. छोटंसं पार्सल, वर तिचं नाव, खाली 'द्वारा' लिहून माझं. तोवर भाभींच्या दोन पार्ट्या झाल्या होत्या. त्या मुळीच बोलत नाहीत असं नाही, पण थांबून थांबून बोलतात, आणि बायका पुढे सरकून ऐकतात. मी मागे पिशव्यांजवळ बसतो. भिंतीजवळच्या म्हाताऱ्या आता मला त्यांच्यातच धरतात आणि गुडघ्यांविषयी सांगतात.

पार्सल घेऊन मी पिरंगुटला गेलो. भाभींनी नवं झाकण आपल्या डब्याला लावलं आणि बायकोचं झाकण मला दिलं. मग आमच्या हिरव्या डब्यात भरण्याऐवजी आपल्याच डब्यात शेवया भरून तो माझ्या हातात ठेवला.

"माझा डबा माझ्याकडे आहे की," मी म्हणालो.

"असू दे. ह्यो बुधवारपर्यंत आणून द्या. सहा महिने लावू नका."

मी मंगळवारीच नेऊन दिला. आत काय होतं ते सांगण्यासारखं नाही, बेसनाचे लाडू म्हणून केलं होतं आणि वळलं गेलं नव्हतं. भाभींनी एक चिमूट तोंडात टाकली आणि झाकण परत लावून मधोमध दाबलं. ढेकर आला. झाकण त्याच डब्याचं होतं.